डबा केबिनमध्ये खाणाऱ्या ताईंना

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी महिला बचत गट आणि मुलींच्या शिक्षणाचं काम करणारी एक संस्था आहे. पत्र लिहिणाऱ्या ताई तिच्या कार्यकारी संचालक. वय 46. चोविसाव्या वर्षी कार्यकर्ती म्हणून आल्या, सायकलवरून गावं फिरल्या. संस्थेचे संस्थापक, ज्यांना सगळे नुसते 'सर' म्हणत, चार वर्षांपूर्वी वारले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी विश्वस्तांनी कारभार ताईंच्या हाती दिला. आज 41 कर्मचारी आहेत. एका कंपनीचा सीएसआर प्रकल्प, म्हणजे कंपनीनं समाजकामावर करायच्या खर्चातला, मार्चअखेर संपला, नवा करार 'जुलैत नक्की' असं कंपनीवाले सांगतात. त्या प्रकल्पावरच्या चौदा जणांचा एप्रिल आणि मेचा पगार ताईंनी स्वतःची एफडी मोडून केला. 4 लाख 20 हजार रुपये, मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेले. नवऱ्याला माहीत नाही, विश्वस्तांना माहीत नाही. अकाउंटंटला माहीत आहे, पण त्याला शपथ घातली आहे. वीस वर्षांपासूनची मैत्रीण आणि सहकारी फेब्रुवारीत एका मोठ्या फाउंडेशनमध्ये गेली. तिचा राजीनामा व्हॉट्सअॅपवर आला. आता रात्री तीनला जाग येते, छातीवर ओझं असल्यासारखं वाटतं. गटाच्या बैठकीत बायका बोलतात ते 'ऐकू येतं, पण पोचत नाही'. जेवणाच्या सुट्टीत त्या खोलीत शिरल्या की बोलणं थांबतं, म्हणून वर्षभरापासून डबा केबिनमध्येच. त्या लिहितात: "एखादा छोटासा अपघात व्हावा, पाय मोडावा, म्हणजे पंधरा दिवस दवाखान्यात पडून राहता येईल, असं मनात येतं. सर कधी थकले नाहीत. मी कमी पडतेय का? की ही खुर्चीच एकटी असते? राजीनामा देऊन टाकू का?"

ताई,

तुमचं पत्र सात पानी आहे. त्यात 'मी थकलेय' हे वाक्य सहाव्या पानावर येतं, आणि त्याच्या अलीकडेच तुम्ही 'तशी मी बरी आहे' असंही लिहून ठेवलंय. आधीची पाच पानं प्रकल्प, पगार, मुलींची गळती, जीपचा क्लच. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला पत्राच्या या मांडणीतच निम्मं मिळालं, पण ते नंतर सांगते. आधी छातीचं.

राजीनामा, विश्वस्त, पैसे, सगळं बाजूला ठेवा आणि या आठवड्यात डॉक्टरकडे जा. छातीवरचं ओझं आणि तीनला येणारी जाग ताणामुळे असू शकते, पण ते तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही. ईसीजी काढा, रक्तदाब पाहा, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर तपासा. बायकांचं हृदयाचं दुखणं नेहमी सिनेमातल्यासारखं छातीला हात लावून येत नाही, आणि शेचाळिसाव्या वर्षी पाळीचे बदलही झोप मोडतात. संस्थेच्या आरोग्य शिबिरात तुम्ही आजवर किती बायकांना रांगेत उभं केलं असेल! त्या रांगेत स्वतः कधी उभ्या राहिलात?

दुसरं, त्या अपघाताच्या इच्छेबद्दल. हे लिहिताना तुम्ही खाडाखोड केलीय, पेनाचे ओरखडे कागदाच्या मागच्या बाजूला उमटलेत. लाज वाटून घेऊ नका. अशी इच्छा मला एका मुख्याध्यापकांनी सांगितली होती, वीस-बावीस कामगारांचं वर्कशॉप चालवणाऱ्या एका भोसरीच्या गृहस्थांनीही. सुट्टी मागायची सोय नाही, म्हणून माणूस मोडलेल्या पायाकडून सुट्टी मागतो. मात्र 'पंधरा दिवस पडून राहावं' याचं कधी 'आपण नसलेलंच बरं' असं झालं, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं. केंद्र सरकारची टेली मानस ही सेवा आहे, नंबर 14416, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आत्महत्येचा विचार आला तरच फोन करायचा असं काही नाही. रात्री तीनला तुम्ही छताकडे बघत असता तेव्हाही तो चालू असतो.

आता 'मी कमी पडतेय का' याकडे येते.

बर्नआउट हा शब्द हल्ली आयटीवाल्या पोरांच्या तोंडी फार असतो, त्यामुळे तो एसी ऑफिसातला आजार वाटतो. तसा तो नाही. या अर्थानं तो पहिल्यांदा मांडला न्यूयॉर्कच्या हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं, 1974 मध्ये. आणि त्यानं तो पाहिला होता तो मोफत दवाखान्यात, नशेच्या आहारी गेलेल्या तरुणांसाठी रात्र-रात्र काम करणाऱ्या स्वयंसेवकांमध्ये आणि स्वतःमध्ये. म्हणजे हे दुखणं मुळात तुमच्याच जातकुळीतल्या माणसांचं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये त्याची व्याख्या केली, तेव्हा तो आजार नसून कामाशी जोडलेली अवस्था आहे असं म्हटलं आणि तीन खुणा सांगितल्या: ताकद संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याविषयी कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. बायकांचं बोलणं 'ऐकू येतं, पण पोचत नाही' हे तुमचं वाक्य दुसऱ्या खुणेचं इतकं नेमकं वर्णन आहे की मी ते दोनदा वाचलं. तुम्हाला वाटतं तुमचं काळीज निबर झालं. तसं नाहीये. तिथे आत्ता नुसती जागा उरलेली नाही.

आणि 'सर कधी थकले नाहीत' म्हणता, तर मला सांगा, हे तुम्हाला कसं माहीत? तुम्ही सरांना सकाळी नऊ ते रात्री आठ पाहत होतात. तुमच्या पत्रात काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, फक्त एकदा येतात: 'काकू घरून सगळ्यांना चहा पाठवायच्या.' बावीस वर्षांत एवढंच? सरांचे कपडे, औषधं, पाहुण्यांची जेवणं, मुलांची आजारपणं कोण बघत होतं? तुम्ही मात्र संध्याकाळी घरी जाऊन कणीक मळता. शिवाय सरांकडे आणखी एक गोष्ट होती, जी तुमच्याकडे नाही. त्यांच्याकडे तुम्ही होतात. सायकलवरून जाणारी, काम सांगायच्या आधी करणारी एक चोवीस वर्षांची मुलगी आणि तिची ती मैत्रीण. आज तुमच्याकडे तशी कोण आहे?

पैशाचा काळही वेगळा होता. तुम्हीच लिहिलंय की सरांच्या वेळी मुंबईच्या एका मोठ्या संस्थेमार्फत परदेशी देणगीतला वाटा यायचा आणि तो तीन-तीन, पाच-पाच वर्षं टिकायचा. 2020 मध्ये परदेशी देणगीचा कायदा बदलला. आलेली देणगी पुढे दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं, प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली. तालुक्या-तालुक्यातल्या छोट्या संस्थांचा तो नळ एका फटक्यात बंद झाला. राहिला सीएसआर. 2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्च करायला लावले, चांगलं झालं. पण त्याचं वर्ष मार्चला संपतं, नव्या मंजुऱ्या निघेपर्यंत पावसाळा लागतो, आणि मधले तीन-चार महिने घरभाडं, पगार, डिझेल यांनी थांबावं अशी सगळ्यांची अपेक्षा. सर बागायतीत शेती करत होते, ताई. तुमच्या हाती कोरडवाहू आलंय. उतारा तोच कसा येईल?

एक जुनी गोष्टही सांगावीशी वाटते. पुण्यात 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, तेव्हा तिथल्या आजीव सदस्यांची बांधिलकी असायची वीस वर्षांच्या सेवेची. नाव 'आजीव', पण मुदत वीस वर्षं! गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सोसायटीच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवून झाल्यावर रीतसर निरोप घेतला आणि 1905 मध्ये भारत सेवक समाज काढला. त्यांनी शिक्षण वाऱ्यावर सोडलं असं कुणी म्हणत नाही. ध्येयवादाचा दाखला म्हणून आपण ज्यांच्याकडे बघतो, त्यांनीसुद्धा त्यागाला कालावधी घातला होता. तुमची बावीस झालीत.

तुमचा दुसरा प्रश्न, खुर्ची एकटीच असते का? अर्धं खरं आहे. जे खरं आहे ते आधी मान्य करू. पगार कोणाचा वाढवायचा, कुणाविरुद्ध तक्रार आली, कुठला प्रकल्प बंद पडणार, हे सहकाऱ्यांना सांगता येत नाही. काल जिच्या डब्यातलं लोणचं खाल्लं तिचं मूल्यमापन आज तुम्हाला लिहायचं असतं. आणि तुम्ही शिरलात की बोलणं थांबणार, कारण बोलणं तुमच्याविषयीच चाललेलं असतं. साहेबाविषयी कुजबुजणं हा कर्मचाऱ्यांचा हक्क आहे, तो त्यांना भोगू द्या. चोवीस वर्षांच्या असताना तुम्ही सरांच्या चालण्याची नक्कल करत नव्हता का? मला तर वाटतं, छान करत असाल.

म्हणून पुन्हा डबा घेऊन बाहेर बसा, पण आठवड्यातून दोन दिवस, आणि पाच मिनिटं उशिरा जा. पहिले आठ-दहा दिवस अवघडल्यासारखं होईल. कुणीतरी उगाच 'ताई, भाजी घ्या ना' म्हणेल. घ्या. तिथे प्रकल्पाचं बोलायचं नाही. पूर्वीसारखी जिवाभावाची मैत्री परत मिळेल या आशेनं मात्र जाऊ नका, ती त्या टेबलावर आता नाही. माणसांत बसून जेवणं एवढंच मिळेल, आणि सध्या तुम्हाला तेही मिळत नाहीये.

उरलेला अर्धा एकटेपणा खुर्चीचा नव्हे. तो तुम्ही स्वतः कुलूप लावून आत ठेवलेला आहे. मी हे जरा कठोरपणे म्हणतेय, कारण माझं स्वतःचं असंच झालं होतं. मी अकरा वर्षं एका शाळेची मुख्याध्यापिका होते. सगळ्या कपाटांच्या चाव्यांचा जुडगा माझ्या पर्समध्ये, रोज घरी यायचा. शिपाई अर्धा तास आधी येऊन फाटकापाशी माझी वाट बघायचे, आणि मला वाटायचं, बघा, माझ्यावाचून शाळा उघडत नाही. एका ऑगस्टमध्ये टायफॉइड झाला, तीन आठवडे घरी. जुडगा भावाच्या हाती पाठवून दिला. परत गेले तर शाळा चालू, स्वातंत्र्यदिन झालेला, वेतनपत्रकं गेलेली. एक कपाट तेवढं कुणी उघडलं नव्हतं. मी धावत जाऊन उघडलं, तर त्यात मुलांकडून जप्त केलेले रबरी चेंडू. दोन वर्षांचे. मला आधी हसू आलं, आणि मग घरी येऊन बराच वेळ रडू आलं, कारण ज्याच्यासाठी मी झोप घालवली त्यातलं किती असं चेंडूंचं होतं हे मोजायची हिंमत होत नव्हती.

तुमचं सगळ्यात मोठं कुलूप ते 4 लाख 20 हजारांचं. हे मला आवडलं नाही, ताई, स्पष्ट सांगते. हेतू सोन्यासारखा होता यात शंका नाही. पण ते पैसे एकट्या तुमचे नव्हते, मुलीचे आणि नवऱ्याचेही होते. आणि ज्या चौदा जणांसाठी दिले, त्यांना आपली नोकरी कशावर उभी आहे हे कळायचा हक्क होता, तोही गेला. त्यांनी दोन महिन्यांत दुसरीकडे चौकशी केली असती, कुणी कर्ज काढायचं थांबलं असतं. 'ताई आहेत ना, काहीतरी करतील' या भरवशावर ते निवांत आहेत. तुमच्या अंगावर बसलेलं ओझं त्या 'काहीतरी'चं आहे.

तेव्हा पहिल्यांदा घरी सांगा. रात्री झोपताना नको, रविवारी सकाळी, मुलगी घरात नसताना. प्रस्तावना न करता: 'मी एफडी मोडली, पगार केले, तुम्हाला सांगितलं नाही, चुकलं.' ते चिडतील. शिक्षक आहेत म्हणता, कदाचित दोन दिवस बोलणारही नाहीत. चालेल. गुपित फुटण्याची भीती दोन वर्षं वागवण्यापेक्षा दोन दिवसांचा अबोला स्वस्त.

मग विश्वस्त. तुम्ही लिहिता, 'सगळे सत्तरीकडे झुकलेत, त्यांना त्रास नको.' एक डॉक्टर, एक वकील, एक निवृत्त प्राचार्य, एक अडत व्यापारी, आणि बाकीचे मिळून नऊ जण. वर्षातून एकदा येतात, सह्या करतात, पोहे खातात. पण धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात न्यासाच्या नोंदवहीत नावं त्यांची आहेत. तुम्ही पगारी आहात, विश्वस्त नाही. कायद्यानं संस्थेच्या पैशाची जबाबदारी त्या नऊ जणांची, आणि आज ती त्यांना न विचारता तुम्ही एकटीनं उचललीय. तुम्ही त्यांना त्रासातून वाचवत नाही आहात, त्यांची जबाबदारी त्यांच्या नकळत वाढवता आहात. तुमच्या खात्यातून आलेली ती रक्कम पुस्तकात काय म्हणून लिहिलीय? देणगी असेल तर पावती हवी, आणि मग ती परत मागता येणार नाही. उसनी असेल तर आणखी पंचाईत, कारण सार्वजनिक न्यासानं कर्ज घेण्यात धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीचा प्रश्न येतो. सीएला आधी गाठा, काही लपवू नका. शपथ घातलेल्या अकाउंटंटलाही मोकळं करा, त्याची झोप कशी आहे ते एकदा विचारा. (आणि जाता जाता: सर गेल्यानंतर विश्वस्त बदलाचा अर्ज दाखल झालाय ना? तो नव्वद दिवसांत करायचा असतो. चार वर्षं झाली म्हणून विचारते.)

बैठक बोलावताना नेहमीचा प्रगती अहवाल नको, फोटोही नकोत. एक कागद. आज बँकेत किती, दर महिन्याचा न टळणारा खर्च किती, लेखी मंजुरी हातात असलेले पैसे किती, आणि पैसे संपण्याची तारीख. 'जुलैत नक्की' हे तोंडी आहे, ते त्या कागदावर येणार नाही. हा कागद प्रत्येकाच्या हाती दिल्यावर गप्प बसा. ही शांतता तुम्हाला सहन होणार नाही, तुम्ही लगेच 'पण मी बघते काहीतरी' म्हणाल. जीभ चावा. व्यापारी विश्वस्त पहिल्यांदा बोलतील असा माझा अंदाज आहे, महिन्याच्या शेवटी उधारी आणि रोकड यांचा मेळ घालणं त्यांचं रोजचं आहे. त्यांच्याकडून आणि वकिलांकडून दोघांची एक छोटी समिती मागा, जी दर महिन्याच्या पाच तारखेला तुमच्याबरोबर बसून खातं बघेल. तीन महिन्यांच्या पगाराइतका राखीव निधी उभा करायचं कामही त्यांच्याकडेच. गावातल्या जुन्या देणगीदारांकडे सत्तरीतल्या प्राचार्यांनी जाणं आणि तुम्ही जाणं यांत फरक पडतो, हे तुम्हालाही माहीत आहे.

विश्वस्तांनी हात झटकले तर? होऊ शकतं. मग तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं, राजीनाम्याचं उत्तर बरंच सोपं होईल.

चौदा जणांचं मात्र सांगावंच लागेल, विश्वस्तांची बैठक झाल्याबरोबर. 'जूनच्या पगाराची सोय अशी अशी आहे, जुलैची नाही, करार झाला तर या तारखेपर्यंत कळेल, न झाल्यास प्रकल्प थांबेल.' काहींना दुसऱ्या कामात सामावता येईल, काहींना नाही. याचं दुःख होणारच, ते तुमच्या चांगुलपणाचं मोल आहे. पण इथे तुमच्या पत्रातल्या एका शब्दावर माझं अडतं. 'आमची संस्था म्हणजे कुटुंब' हे तुम्ही चार वेळा लिहिलंय. सरांचं वाक्य असणार. ऐकायला फार गोड. पण कुटुंबातून कुणाला कमी करता येत नाही, कुटुंबाचा राजीनामा देता येत नाही, आणि कुटुंबातून बाहेर पडलं की माणूस परका होतो. तुमची मैत्रीण पगार वाढवून घ्यायला, मुलाच्या फीची सोय करायला गेली. तुमच्या भाषेत मात्र ती 'सोडून गेली'. तिनं व्हॉट्सअॅपवर का कळवलं असेल? समोर येऊन 'मी कुटुंब सोडते' म्हणायची तिचीही छाती झाली नसेल. ती वाईट वागली, हे खरं. तरी एकदा फोन करा, परत ये म्हणायला नाही, नुसता. वीस वर्षांची सोबत होती ती. आणि सर गेल्याचा शोकही तुम्ही केलेला नाहीये. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कुणी खुर्ची दिली की रडायचं कधी? मला वाटतं, तुमच्या थकव्यात या दोन माणसांचा वाटा सीएसआरपेक्षा कमी नाही.

मग बोलायचं कुणाशी? घरच्यांना काळजी, हाताखालच्यांना भीती, विश्वस्तांना वृत्तांत. या तिन्हींत न बसणारं बोलायला बरोबरीचं माणूस लागतं. तुमच्या जिल्ह्यात तुमच्यासारखी आणखी माणसं असणार. तुम्ही म्हणाल, त्यांच्याशी कसं बोलू, त्याच कंपनीच्या दारात आम्ही दोघी उभ्या असतो. रास्त आहे. मग शेजारच्या जिल्ह्यातलं कुणी बघा, किंवा दुसऱ्याच क्षेत्रातलं: पतसंस्थेची अध्यक्ष, शाळेची मुख्याध्यापिका, दुसऱ्यांदा निवडून आलेली सरपंच. तीन-चार जणी पुरे. महिन्यातून एकदा, कुणाच्या तरी घरी, फोन दुसऱ्या खोलीत. तिथे सल्ले द्यायचे नाहीत, एवढा एकच नियम पाळा. (मी सल्ला देऊन पोट भरते, तरी सांगते.) आम्ही चार मुख्याध्यापिका अशा भेटायचो. पहिल्या भेटीत तासभर अनुदानाचंच बोललो. तिसऱ्या भेटीत एक जण म्हणाली, 'मला शाळेचा रस्ता लागला की मळमळतं.' बाकीच्या तिघी एकदम म्हणाल्या, 'तुलाही?' आणि आम्ही हसत सुटलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. व्हॉट्सअॅप ग्रुप काढू नका, तिथे दोन दिवसांत सुप्रभात सुरू होतं.

राजीनामा. देऊ नका असं मी म्हणणार नाही. पण रात्री तीनला ठरवलेला राजीनामा आणि नीट झोपून उठल्यावर दिलेला राजीनामा, यांत फरक असतो. पहिल्यात माणूस पळतो आणि नंतर अपराधी वाटून आणखी जोरात दुसऱ्या कुठल्या तरी कामाला जुंपून घेतो. आधी औषधपाणी, मग तो एक कागद, मग सलग एकवीस दिवस रजा, तीही पाय न मोडता. रजेत कारभार कुणी बघायचा हे लेखी द्या, सह्यांचे अधिकारही. तुमच्या पत्रात एका तरुण समन्वयकाचं नाव तीनदा आलंय, तिन्ही वेळा तक्रारीच्या सुरात: 'विचारल्याशिवाय निर्णय घेतो.' मला तो मुलगा कामाचा वाटतोय.

लहानपणी एक कोडं घालायचे, आठवतंय? भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं? तिन्हींचं उत्तर एक: न फिरवल्यामुळे. भाकरी करपली तर पिठाला कुणी बोल लावत नाही. रजेवरून परत आल्यावर तुम्हाला फिल्डवर परत जावंसं वाटेल कदाचित. बचत गटांचं प्रशिक्षण तुमच्या हातचं होतं, आणि पत्रातल्या ज्या एका परिच्छेदात अक्षर मोठं आणि मोकळं झालंय, तो त्याच्याविषयीचा आहे. मग विश्वस्तांना सांगा, एका वर्षात नवा संचालक तयार करते आणि मी प्रशिक्षणाकडे जाते. पगार कमी होईल, खोली लहान मिळेल, लोक म्हणतील हिला खाली उतरवलं. म्हणू देत. किंवा उलटंही होईल. ओझं वाटलं गेल्यावर हीच खुर्ची बरी वाटू लागेल. आत्ता, या झोपेवर, दोन्हींपैकी काहीही कायमचं ठरवू नका.

तुमच्यासारख्या ज्या इतर बायाबापड्या हे वाचताहेत, शाळा, दवाखाना, दूध संस्था, दहा माणसांचं दुकान चालवणाऱ्या, त्यांनी तो एक कागद तरी आज करावा. पैसे संपण्याची तारीख डोक्यात असते तेव्हा ती रोज रात्री येते, कागदावर उतरली की दिवसा येते.

आणि ताई, गुरुवारी तुमच्याकडे बाजार असतो, दुपारनंतर ऑफिसात कुणी नसतं असं लिहिलंय तुम्ही. या गुरुवारी काकूंकडे जा. काम काढून नको, तसंच. त्यांना विचारा, सरांना रात्री झोप लागायची का.